तीस सेकंदांत न कळणारं संगीत आपल्यापर्यंत कोण आणणार?

पोस्ट-रॉकचा एखादा अनोळखी बँड, ज्याच्या पाठीशी कुठली मोठी कंपनी नाही, तो ऐकण्यासारखा आहे असं गाण्यांचं ॲप तुम्हाला सांगू शकत नाही, ते माणसानेच माणसाला सांगावं लागतं, आणि असं सांगायचं काम नीट व्हायला आपल्या कोकणात जागाही आहेत आणि कानसेनही आहेत, पण ह्याला काम म्हणून कोणी धरतच नाही. माझं म्हणणं आहे की आपल्या सार्वजनिक वाचनालयांनी हे काम अंगावर घ्यावं, महिन्यातून एक संध्याकाळ का होईना. का ते सांगतो, जरा लांबेल, पण वाचा.

ज्यांच्या कानावर पोस्ट-रॉक हे नाव आलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. वाद्यं रॉकचीच, गिटार, बेस, ड्रम्स, कधी सोबत व्हायोलिन-चेलो, पण गाणं मुखडा-अंतरा-मुखडा असं जात नाही, बऱ्याचदा गायकच नसतो, आणि एकेक रचना आठ-दहा मिनिटं, कधी वीसच्याही वर. सायमन रेनॉल्ड्स ह्या इंग्लिश समीक्षकाने १९९४ मध्ये बार्क सायकोसिस ह्या लंडनच्या बँडबद्दल लिहिताना हे नाव वापरलं आणि ते चिकटलं. त्याच्या आधीच इंग्लंडच्या टॉक टॉकने 'स्पिरिट ऑफ ईडन' (१९८८) आणि अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या स्लिंटने 'स्पायडरलँड' (१९९१) काढून वाट पाडलेली होती. मग ग्लासगोचा मोगवाय, माँट्रियलचा गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर, आइसलँडचा सिगुर रोस, टेक्ससचा एक्स्प्लोजन्स इन द स्काय, जपानचे मोनो आणि टो. आपल्या देशात अहमदाबादला सुरू झालेला ॲजवीकीपसर्चिंग, ज्यांच्या रचनांमध्ये हिंदी शब्द येतात, आणि बंगळुरूचा अनटिल वी लास्ट. ही सगळी त्यातल्या त्यात माहितीची नावं झाली. ह्यांच्या पलीकडे जगभर असंख्य छोटे बँड आहेत, दिवसा नोकरी, रात्री रेकॉर्डिंग, स्वतःच्या पैशाने अल्बम काढायचा आणि मग वाट बघायची की कोणाच्या तरी कानावर पडेल. माझा सगळा जीव ह्या लोकांसाठी तुटतो.

आता ॲपचं. जे चांगलं आहे ते आधी मोकळ्या मनाने मान्य करूया. यूट्यूब होतंच, फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, आणि देवरुखच्या किंवा कणकवलीच्या पोराच्या खिशात जगातलं एवढं संगीत आलं की त्याच्या बापाला स्वप्नातही मिळालं नसतं. पूर्वी असलं काही ऐकायचं तर मुंबईला कोणीतरी ओळखीचं असायला लागायचं, त्याने कॅसेट नाहीतर सीडी घ्यायची आणि गणपतीला येताना घेऊन यायची. तो अडथळा गेला हे फार मोठं काम झालं. पण शोधता येणं वेगळं आणि कोणीतरी सुचवणं वेगळं. नाव माहीत असेल तर ॲप क्षणात समोर ठेवतं. नाव माहीत नसताना ते काय समोर ठेवतं आणि कुठल्या हिशेबाने ठेवतं, भानगड तिथे आहे.

स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. गाणं दोन मिनिटांचं असो नाहीतर बावीस मिनिटांचं, स्ट्रीम एकच. म्हणजे बघा, दहा-दहा मिनिटांच्या पाच रचनांचा अल्बम तुम्ही मन लावून सलग ऐकलात, पन्नास मिनिटं दिलीत, तर बँडच्या खात्यात पाच स्ट्रीम पडले, आणि तेवढ्याच वेळात दोन-दोन मिनिटांची गाणी ऐकली असतीत तर पंचवीस पडले असते. त्यात २०२४ पासून असा नियम आलाय की मागच्या बारा महिन्यांत एखाद्या ट्रॅकचे हजार स्ट्रीम झाले नसतील तर त्या ट्रॅकचे पैसेच नाहीत. बॉलिवूडच्या गाण्याला हजार म्हणजे काहीच नाही, पण ज्याला जगभरात मिळून दोनशे माणसं जिवापाड ऐकतात अशा बँडने काय करायचं? मग साहजिकच काही बँड लांब रचना कापून तुकडे करतात, सुरुवातीची शांतता काढून टाकतात. संगीत असं आतून बदलतं आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही, ही गोष्ट मला पैशापेक्षा जास्त लागते.

कारण ह्या संगीतात पहिल्या तीस सेकंदांत मुद्दामच फारसं काही होत नाही. गॉडस्पीडचा २००० सालचा 'लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन' हा डबल अल्बम घ्या, साधारण सत्त्याऐंशी मिनिटं आणि त्यात रचना फक्त चार. एकेक वाद्य सावकाश आत येतं, सूर धरतं, आवाज कणाकणाने चढत जातो, आणि सातव्या-आठव्या मिनिटाला जे उसळतं त्याचा अर्थ तुम्ही आधीची मिनिटं थांबला असाल तरच लागतो. ज्याने तिसाव्या सेकंदाला पुढचं बटण दाबलं त्याने ऐकलंच नाही म्हणायचं, पण पुढे ढकललं म्हणजे आवडलं नाही असं धरून चालणाऱ्या यंत्राला हे कसं समजावणार?

आणखी एक प्रकार म्हणजे मूडच्या प्लेलिस्ट. अभ्यासाला, झोपेला, पावसाला. शब्द नाहीत, गिटार मंद आहे, म्हणून पोस्ट-रॉकचे शांत तुकडे उचलून त्यात घालतात, आणि ऐकणाऱ्याला बँडचं नावसुद्धा कळत नाही, कारण तिथे बँड महत्त्वाचा नसतोच, मागे काहीतरी वाजत राहणं महत्त्वाचं असतं. त्यातच २०२० मध्ये स्पॉटिफायने डिस्कव्हरी मोड जाहीर केला, म्हणजे कलाकाराने कमी रॉयल्टी घ्यायला मान्यता दिली तर त्याचं गाणं शिफारशींमध्ये जास्त पुढे येईल. पैसे सोडून पुढे आलेल्या नावाला शिफारस म्हणायचं का, हा प्रश्न प्रत्येक ऐकणाऱ्याने विचारला पाहिजे, आपल्याला मात्र ते गाणं समोर आलं की वाटतं आपली आवड ओळखून कोणी दिलंय. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात द व्हेल्व्हेट सनडाउन नावाचा एक 'बँड' काही आठवड्यांत महिन्याला दहा लाखांहून जास्त श्रोत्यांपर्यंत पोचला, आणि नंतर कळलं की ते सगळं एआयने बनवलेलं आहे. बँडमध्ये माणसंच नाहीत. माणसाने माणसाला सुचवलेलं असतं तर निदान एकाने तरी विचारलं असतं, हे कोण लोक आहेत, कुठे वाजवतात, कोणी बघितलंय का ह्यांना.

आता माणसाची शिफारस काय करू शकते त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. स्लिंटचा 'स्पायडरलँड' आला तेव्हा बँड आधीच फुटलेला होता. प्रचार करायला, दौरे करायला कोणी नव्हतं, खप बेताचाच. पण स्टीव्ह अल्बिनी ह्या रेकॉर्डिंग इंजिनिअरने १९९१ मध्ये मेलडी मेकर साप्ताहिकात त्यावर लिहिलं, दहा तारे दिले, आणि हा अल्बम पुढच्या काळात मैलाचा दगड ठरेल असं सरळ सांगितलं. ते खरं झालं. नंतरच्या वर्षांत त्या सहा रचना हातोहात पसरल्या आणि मोगवायसारख्या बँडना त्यातून दिशा मिळाली. अल्बिनीने त्यात स्वतःचं नाव पणाला लावलं होतं हे विसरू नका, चुकला असता तर लोकांनी त्यालाच धरलं असतं. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, त्याच मोगवायचा 'ॲज द लव्ह कंटिन्यूज' ब्रिटनच्या अल्बम चार्टवर पहिल्या नंबरवर गेला, पंचवीसेक वर्षांच्या कारकिर्दीत पहिल्यांदा, कारण चाहत्यांनी आठवडाभर एकमेकांना सांगून सांगून तो विकत घ्यायला लावला. जवळजवळ शब्दच नसलेलं संगीत, स्वतःच्या छोट्या लेबलवर, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीवर, आणि ते तिथवर लोकांनी नेलं.

हे झालं लांबचं. आपल्या घरातलं सांगतो. माझा मावसभाऊ मालवणात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, बुवाच्या मागे पखवाज वाजवतो, हात इतका गोड की लोक बुवाला सोडून त्याच्याकडे बघतात. त्याच्या फोनची हिस्टरी काढलीत तर भजनं आणि डिझेल इंजिनचे व्हिडिओ, बाकी काही नाही. कुठलंही यंत्र ह्या माणसाला जपानचा बँड सुचवणार नाही. मी त्याला टो ऐकवला, त्यांचा २००५ चा पहिला अल्बम, कारण त्या बँडमध्ये ड्रम्स मागे बसून ताल धरत नाहीत, तेच सगळ्यात पुढे असतात, गिटार छोटे छोटे तुकडे परत परत घेत राहते. पहिल्या मिनिटाला तो म्हणाला, "ह्येच्यात गाणारो खंय आसा?" म्हटलं, "दादा, गाणारो नाय, तू ड्रमवाल्याकडे कान दे." मग तो गप्प झाला, मांडीवर बोटं चालायला लागली, आणि थोड्या वेळाने म्हणतो, "हो गिटारवालो लेहरो धरून बसलोहा, आनी ड्रमवालो गाता."

मी इतकी वर्षं हा बँड ऐकतोय, इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. सोलो वाजवताना पेटीवाला तोच तोच लेहरा फिरवत राहतो आणि पखवाजी त्यावर आपलं सगळं मांडतो, ही गोष्ट त्याच्या हातात लहानपणापासून आहे, त्यामुळे त्याला 'पोस्ट-रॉक म्हणजे काय' हे समजावून सांगायची गरजच पडली नाही. त्याला आत शिरायला एक दार लागत होतं आणि ते दार त्याच्याच हातातल्या वाद्यात होतं. ओळखीच्या बाईंना, ज्या विलंबित ख्याल तासभर डोळे मिटून ऐकतात, त्यांना मी टो दिला नसता. त्यांना सिगुर रोसचा २००२ चा बिननावाचा अल्बम दिला, मुखपृष्ठावर नुसता कंस आहे तो, आठ रचना, एकीलाही नाव नाही, आणि गातात ती भाषाच मुळी नाही, गायकाने स्वतः रचलेले आवाज आहेत. शब्दाशिवाय सूर कसा वाढवत नेतात ह्याकडे ज्यांचा कान आहे त्यांच्यासाठीच तो आहे.

म्हणून मला वाटतं शिफारस कशाला म्हणायचं ते आपण जरा कडकपणे ठरवावं. 'हे पन्नास बँड ऐकाच' ही शिफारस नाही, ते टाळणं आहे, पन्नास नावं टाकली की एकाचीही जबाबदारी घ्यावी लागत नाही. एक बँड सांगा, त्यातली एक रचना सांगा, तिथूनच सुरुवात का करायची ते सांगा, कितव्या मिनिटापर्यंत थांबायचं ते सांगा, आणि हा बँड कोणाला आवडणार नाही हेही सांगा. समोरचा माणूस आधी काय ऐकत आलाय हे विचारल्याशिवाय काही सांगूच नका. बँडमधलं कोणी तुमच्या ओळखीचं असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगून मोकळे व्हा. आणि नंतर विचारा, ऐकलंस का, काय वाटलं. हे परत विचारणं फार महत्त्वाचं आहे, कारण सुचवणाऱ्याचा कान त्यातूनच तयार होतो. माझ्या मावसभावाने मला टोबद्दल जे शिकवलं ते मी विचारलं म्हणून मिळालं.

बँड शोधायचे कसे, हा प्रश्न मला पोरं नेहमी विचारतात. माणसांचा माग काढत जा, एवढंच माझं उत्तर. एखादं छोटं लेबल धरा, माँट्रियलचं कॉन्स्टेलेशन (१९९७ पासून), अमेरिकेतलं टेंपररी रेसिडन्स, बर्लिनचं पेलाजिक. ही लेबलं चालवणारी माणसं स्वतःच्या कानावर विश्वास ठेवून बँड घेतात, त्यामुळे एक आवडला की त्याच्या शेजारचा आवडायची शक्यता बरीच असते. किंवा रेकॉर्ड कोणी केलं ते बघा. वर ज्याचं नाव घेतलं त्या अल्बिनीनेच मोनोचे अल्बम रेकॉर्ड केलेत आणि गॉडस्पीडचा २००२ चा 'यांकी यू.एक्स.ओ.'सुद्धा, त्यामुळे ड्रम्सचा खोलीभर घुमणारा आवाज तुम्हाला भावला असेल तर त्याच्या नावाच्या मागे चालत गेलात तरी महिनाभराचं ऐकणं मिळेल. बेल्जियमचा डंक फेस्टिव्हल, इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ होणारा आर्कटँजंट, ह्यांच्या पोस्टरवरची सगळ्यात खालची, बारीक अक्षरातली नावं वाचा. मोठ्या अक्षरातली नावं तुमच्यापर्यंत आपसूक येतात. बँडमधले लोक आणखी कोणाबरोबर वाजवतात तेही बघत जा, माँट्रियलचं अर्धं जग असंच एकमेकांत गुंतलेलं आहे.

आता आपल्याकडचा नेहमीचा आक्षेप, 'इथे हे ऐकणार कोण?' मला हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं, कारण ते बोलणारा आपल्याच माणसांना कमी लेखतो. ज्या सिंधुदुर्गात जत्रेला मध्यरात्रीनंतर दशावतार सुरू होतो आणि लोक गोणपाटावर, खुर्चीवर, दगडावर बसून उजाडेपर्यंत बघतात, ज्याची संहिता लिहिलेली नसते, राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून जागच्या जागी संवाद रचतात, तिथल्या माणसाला बावीस मिनिटं जड जातील? रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव होतो, जानेवारीच्या थंडीत लोक शाली घेऊन बसतात आणि आलाप संपेपर्यंत हलत नाहीत. तिथल्याच खल्वायन संस्थेच्या मासिक संगीत सभा वर्षानुवर्षं चालल्यात. ह्या लोकांकडे थांबायची सवय आहे आणि ती पोस्ट-रॉकला लागते त्याहून कितीतरी जास्त आहे. इथे कमतरता आहे ती एवढीच की ह्या लोकांना आणि त्या संगीताला एका खोलीत कोणी आणलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि मी तो टाळणार नाही. लोक म्हणतात, आपली जाखडी, नमन, डबलबारी मागे पडतेय आणि तू परदेशी बँडची काय वकिली करतोस. माझं उत्तर असं की हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. कुडाळच्या बुवाची बारी कोणीतरी फोनवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतो, हजारो लोक बघतात, बुवाला त्यातलं काही मिळत नाही, पखवाजवाल्याचं तर नावही खाली लिहिलेलं नसतं. हा बुवा म्हणजे स्वतंत्र कलाकारच की, त्याच्यामागेही कंपनी नाही, आणि त्याची बारीही तीस सेकंदांच्या तुकड्यात मावत नाही, सुरुवातीच्या रूपावलीपासून शेवटच्या गजरापर्यंत ती हळूहळू चढत जाते आणि मधलं काही कापलं तर तिचा जीव जातो. लांब, सावकाश, कंपनीशिवायचं संगीत माणसांनी माणसांना सुचवायची सवय एकदा लागली की ती दोघांच्याही उपयोगाची आहे. मला तर दोन्ही एकाच संध्याकाळी ऐकायला आवडतील.

म्हणून वाचनालयाकडे येतो. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, जुलै २०२१ च्या पुरात पाणी शिरून पुस्तकांचं भयंकर नुकसान झालं तरी ते परत उभं राहिलं. गावोगाव छोटी वाचनालयं आहेत, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. आणि ह्या जागांवर शिफारशीची खरी परंपरा आहे. चांगला ग्रंथपाल तुम्ही मागचं पुस्तक परत केलंत की चेहरा बघून पुढचं काढून देतो, 'हे घ्या, तुम्हाला आवडेल, त्यांना नाही आवडलं'. पुस्तकाच्या बाबतीत हे काम आहे असं आपण मानतो, त्यासाठी माणूस नेमतो, संगीताच्या बाबतीत मात्र ते काम एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर सोडून दिलंय.

महिन्यातून एक रविवार, वाचनालय बंद झाल्यावर दोन तास. वाचकांना त्रास होईल हा मुद्दा मला एका ठिकाणी सांगितला गेला आणि तो बरोबरच आहे, म्हणून बंद झाल्यावर म्हणतोय. खर्च म्हणाल तर दोन बरे स्पीकर आणि एक ॲम्प्लिफायर, सभासदांच्या वर्गणीतून होण्यासारखं. कायद्याची भीती घालणारे भेटतील, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद आहे की नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबने किंवा तशा संस्थेने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून रेकॉर्डिंग ऐकवलं तर तो हक्कभंग होत नाही. तिकीट मात्र लावायचं नाही. आणि स्ट्रीमिंग ॲपवरून वाजवायचं नाही, त्यांच्या अटी खासगी वापरापुरत्या असतात, अल्बम विकत घ्यायचा आणि तोच लावायचा.

विकत घ्यायचा ह्यावर माझा जोर आहे. बँड आपले अल्बम थेट विकतात त्या बँडकॅम्प साइटवर डिजिटल अल्बम घेतला तर कंपनी साधारण पंधरा टक्के घेते, पैसे भरायचा खर्च वेगळा, बाकीचे बँडला किंवा त्याच्या लेबलला जातात. मार्च २०२० मध्ये, दौरे बंद पडले तेव्हा, त्यांनी ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडायला सुरुवात केली आणि त्या दिवशी जगभरचे लोक ठरवून खरेदी करायला लागले. एका संध्याकाळी वीस जण बसले आणि सगळ्यांनी मिळून एक अल्बम घेतला तर प्रत्येकाला चहा-भजीएवढा खर्च येईल, आणि तिकडे कुठल्यातरी बँडला कळेल की रत्नागिरी नावाच्या ठिकाणी आपल्याला ऐकलं जातंय. पण बँडकॅम्पच्या भरवशावरही राहू नका. ते २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रॅडरला विकलं, आणि निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. ज्यांनी निवडून निवडून बँडबद्दल लिहिलं असे लोकही त्यात होते. दुकानं हात बदलत राहणार, १८२८ पासून चालत आलेली संस्था आपल्या हातात आहे तर ती वापरायला नको का?

सुरुवात जूनमध्ये करावी असं मला वाटतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या, बंदरावरची पोरं घरी असतात, आणि आंब्याचा हंगामही आटपलेला असतो. एक अडचण आहे, खोलीवर पत्रे असतील तर पावसाच्या आवाजात ह्या संगीतातला शांत भाग ऐकूच येणार नाही, तर स्लॅबची खोली बघा, नाहीतर शाळेचा हॉल मागा. आवाज फार मोठा ठेवू नका, पण एवढा ठेवा की ड्रम्सचा धक्का छातीला जाणवेल. फोन बंद. ऐकवण्याआधी सुचवणाऱ्याने उभं राहून दोन मिनिटं सांगावं की हे का आणलं, आणि मग मध्ये कोणी काही बोलायचं नाही. पहिल्या संध्याकाळी टोने सुरू करा, गावातल्या पखवाजवाल्याला आणि ढोलवाल्याला हाताला धरून बोलावून आणा, मग ॲजवीकीपसर्चिंगचा २०१७ चा 'झिया', म्हणजे ज्यांना शब्द लागतात त्यांना थोडे मिळतील, आणि शेवटी गॉडस्पीडची एक पूर्ण रचना, न कापता. पुढच्या महिन्यात मात्र तुम्ही निवडू नका, आलेल्यांपैकी जो सगळ्यात गप्प बसला होता त्याला निवडू द्या, आणि एका वहीत प्रत्येक वेळी लिहून ठेवा, कोणी काय सुचवलं, कोणासाठी, आणि ऐकून तो काय म्हणाला.